भाऊंचा बत्तीस नंबर

मुलगी पाहून झाली की गणपतभाऊ चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. ते नुसता आकडा सांगत. पोह्यांची बशी खाली ठेवायची, मिशीवरचं खोबरं पुसायचं, छताकडे बघायचं आणि म्हणायचं, "एकोणीस!" एवढं झालं की आमच्या आळीच्या दृष्टीने त्या स्थळाचा निकाल लागलेला असे.

भाऊ आमचे शेजारी. कामशेतजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांनी गेटमन म्हणून उभी हयात काढली. आता तिथे पूल झालाय, फाटक गेलं आणि भाऊंची बसायची गुमटी, ती छोटी केबिनही गेली. पण मी माझ्या तांदळाच्या दुकानात बसल्या बसल्या अजून त्या फाटकाची घंटा ऐकतो. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना बैलगाड्या, टेम्पो, सायकली थांबायच्या, आणि तेवढ्या वेळात भाऊ दोन-चार स्थळं सुचवून मोकळे व्हायचे.

आकडा असायचा इंग्रजी म्हणीचा. भाऊंकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. लग्न आणि जोडीदाराची निवड या एकाच विषयावरच्या चाळीस इंग्रजी म्हणी तिच्यात नंबर घालून लिहिलेल्या होत्या. सहा नंबर सासूविषयी, अकरा घाईविषयी, एकोणीस आपल्याच पंचक्रोशीतल्या मुलीविषयी, इतपत आम्हाला ऐकून ऐकून कळलं होतं. पुढे विचारलं की भाऊ म्हणत, "सायेब लोकांनी लगनं करकरून काडलेलं शानपन हाय ते. आपन फकस्त नंबर पाळायचा." मग शेवटचा शब्द. पसंती असेल तर "गेट उघडं", नसेल तर "गेट बंद".

माझ्या वेळचा प्रसंग सांगतो. आम्ही मुलगी पाहायला गेलो. भाऊ बरोबर, वही कापडी पिशवीत, आणि मागे पदर सावरत शेवंतामावशी, म्हणजे भाऊंची बायको. मुलगी आत गेली आणि भाऊ कडाडले, "सहा!" माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी घाबरून आतून पोह्यांच्या आणखी सहा बशा पाठवल्या. परत कशा पाठवायच्या म्हणून आम्ही त्या खाल्ल्या. मावशी तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा संसार त्या सहा नंबरावर अजून धड चालला आहे.

शाळेत असताना मी एकदा इंग्रजीचा धडा घेऊन गुमटीवर गेलो होतो. एवढ्या इंग्रजी म्हणी जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर असताना शिकवणीला पैसे कशाला घालवायचे? भाऊंनी पुस्तक उघडलंही नाही. म्हणाले, "ह्ये लगनाचं हाय का? न्हाई ना? मंग मला इचारू नगं." विद्वान माणसं लहरी असतात अशी मी मनाची समजूत घातली.

मावशी गेल्या त्याला सतरा वर्षं झाली. चार दिवसांच्या तापाने गेल्या. भाऊंनी त्यानंतरही नंबर देणं सोडलं नाही, उलट वाढवलं. हल्ली मुलं-मुली मोबाईलवर जमवतात आणि आईबापांना नुसती तारीख कळवतात. भाऊ तरी मांडवात जातात, नवरा-नवरीच्या कानात एकेक आकडा सांगतात आणि जेवून येतात. मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. मला त्या फोटोंचं हसू येई आणि थोडं वाईटही वाटे.

मग माझ्या घरातच पेच पडला. माझी मुलगी स्वाती आणि परंदवडीचा अक्षय. अक्षय नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात आहे, मुलगा गुणी, घर चांगलं. अडचण एवढीच की स्वाती त्याच्यापेक्षा चौदा महिन्यांनी मोठी. माझ्या आईने अंथरूणच धरलं. "भाऊनं नंबर दिल्याबिगर मी अक्षतेला हात लावायची न्हाई," असं तिने जाहीर केलं. आणि आजी मांडवात नसेल तर लग्न करणार नाही, असं स्वातीने. दोघी एकाच मातीच्या.

मी भाऊंकडे गेलो. वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. भाऊंनी डोळे मिटले, बोटांवर मोजत गेले आणि एकतीसला थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"पोरगी मोटी, पोरगा ल्हान. एकतीसात बसत न्हाई रं कुटंच."

"पण भाऊ, म्हणी तर चाळीस आहेत."

भाऊ उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. आठ दिवस ते ओट्यावरही दिसले नाहीत. स्वातीचं जेवण तुटलं. इकडे आई "गेट बंद दिसतंय" म्हणून सुस्कारे टाकत होती, आणि मला पहिल्यांदाच भाऊंचा राग आला.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वातीला बोलावलं. मीही गेलो. भाऊंनी ट्रंकेतून वही काढली आणि तिच्या हातात दिली. ती वही उघडलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आत गोल, वळणदार, बायकी अक्षर होतं.

"बत्तीस वाच," भाऊ म्हणाले. "मला विंग्रजी येत न्हाई."

"मग ह्या म्हणी?" मी विचारलं.

"शेवंतीला यायचं. तिची आई लोणावळ्याला एका पारशी बाईच्या बंगल्यात कामाला हुती. बाईनं पोरीला शिकवलं, अक्षर सुदरावं म्हनून ह्या म्हनी उतरून घेतल्या. बाईनं सोता लगीन न्हाई केलं ती न्हाईच." भाऊ किंचित हसले. "आमचं लगीन झालं त्या दिवशी हिनं मला पैली वाचून दाखवली, मराटीत समजावली. मंग दर वरसाला, लगनाच्या वाडदिवसाला, येक. गुमटीत बसून. शिरा करून आनायची. मी म्हनायचो, समद्या सांग की येकदम. तर म्हनायची, चाळीस वरसं माज्याबरूबर राहायचं आसंल तर ऐका. एकतीस झाल्या आन्..."

सतरा वर्षं हा माणूस लोकांना आकडे का वाटत होता ते मला तेव्हा उमगलं, आणि आठ दिवसांच्या माझ्या रागाची लाज वाटली.

"आबा, नको," स्वाती भाऊंना म्हणाली. "ती शेवंताआजींची आहे. आमचं आम्ही बघू."

"वाच म्हन्तो ना. तुजं लगीन अडवून धरलं तर शेवंती मला घरात घ्यायची न्हाई वर गेल्याव."

स्वातीने बत्तीस नंबर वाचला आणि मराठीत समजावून सांगितला. ती म्हण मी इथे लिहिणार नाही, ती भाऊंची आहे. एवढंच सांगतो की तिच्यात वयाचा शब्दही नव्हता. भाऊंनी डोळे मिटून ती ऐकली, पुन्हा एकदा वाचायला लावली. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, तडक आमच्या घरी आले आणि आईच्या खाटेजवळ उभे राहून गरजले, "बत्तीस! गेट उघडं!" आई त्याच क्षणी उठून बसली आणि तिने चहा टाकायला सांगितला.

चहा झाल्यावर स्वाती वही परत करायला लागली. भाऊंनी ती तिच्याकडेच ढकलली.

"आट राह्यल्या. तुमच्या लगनाच्या वाडदिवसाला दोगांनी यायचं आन् येक वाचायची. येकच, हावरटपना न्हाई. शिरा मी करीन." मग छताकडे बघत म्हणाले, "म्हंजी आट वरसं मला वर बोलावनं धाडू नगं म्हनावं शेवंतीला. तवर गेट बंद!"