द्वारकाचं ठेंगणं रोप

एका जंगलात, बरं का मुलांनो, सगळ्यांना सगळ्यांची फार काळजी असे. हे जंगल थंड डोंगरमाथ्यावर होतं. तिथे द्वारका नावाची साळिंदरबाई राहायची. उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांवरून आलेल्या हंसाने तिला एक रोप दिलं.

"दगडांच्या फटीत लाव, ताई," हंस म्हणाला. "खत नको, पाणी साचायला नको. आणि उगाच लाड करू नकोस. ते एवढंच राहतं."

द्वारकाने दारात दगड रचले, फटींत खडी भरली आणि रोप लावलं. ते बोटभर उंच झालं, उशीसारखं पसरलं आणि थांबलं. बारा महिने हिरवंगार. उन्हं तापू लागली की जांभळ्या फुलांनी असं भरून जाई की पान दिसत नसे. द्वारका सकाळी उठून आधी त्याचं तोंड बघायची. फार जीव होता तिचा त्याच्यावर.

एकदा सांबरकाकू आल्या.

"अगंबाई, अजून एवढंच?"

"काकू, त्याची जातच ठेंगणी आहे."

"असू दे, असू दे. पोटभर घालतेस ना पण?"

मग माकडवहिनी आल्या. त्यांच्या बहिणीच्या दारातला बांबू म्हणे याच्याच बरोबरीचा, आणि आता आभाळाला टेकलाय. "तुलना नाही हं करत मी," असंही त्या म्हणाल्या आणि शेणखताची पाटी ठेवून गेल्या.

अस्वलमामा तर रागावलेच. "दगडात कुणी लेकरू वाढवतं का?"

द्वारकाला हंसाचं बोलणं आठवत होतं. पण हंस लांब होता आणि शेजारी रोज दारात. शेवटी तिने दगड काढले, काळी माती भरली, खत घातलं. दोन्ही वेळा पाणी सुरू केलं.

आणि रोप वाढलं की हो! चांगलं हातभर, लांबुडकं. सगळं जंगल कौतुकाला लोटलं. सांबरकाकूंनी दृष्टसुद्धा काढली. फूल मात्र एकही आलं नाही. पुढे मुळाशी पाणी साचलं, मुळं कुजली, आणि एका सकाळी रोप आडवं झालेलं दिसलं.

द्वारका अंगावरचे काटे मिटून रडली.

शेजारी लगेच धावत आले.

"तरी मी म्हणत होते, फार लाड करतेस," काकू म्हणाल्या.

"छोटंसंच होतं, पण किती गोड फुलायचं गं!" वहिनींनी डोळे पुसले.

मामा म्हणाले, "दगडातून काढायलाच नको होतं."

तात्पर्य: आपल्या रोपाला काय हवं ते आपल्याला ठाऊक असलं, तरी शेजाऱ्यांचा सल्ला अवश्य ऐकावा. रोप जगत नाही, पण समाचाराला येणाऱ्यांची ददात पडत नाही.