ॲक्सल हातभर मागे

अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीची जागा आता ट्रेलरने घेतली होती आणि सरांची बायको ओले टॉवेल त्याच्याच कठड्यावर पसरत होती. सरांना ते मुळीच खपत नसे.

"अगं, वाहन आहे ते!"

"दीड महिना झाला, वाहन जागचं हललेलं नाही. टॉवेल तरी वाळू देत."

सर बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. दरवर्षी 'रस्ता कसा ओलांडावा' यावर ते चाळीस मिनिटं बोलत, आणि ते ऐकल्यावर मुलांना पलीकडे जायची इच्छाच उरत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी परसातल्या बागेसाठी एक छोटा ट्रॅक्टर घेतला, मागे माती भुसभुशीत करणारा जड रोटाव्हेटर जोडलेला. मग एकदा मुलीच्या सासरी जेवताना व्याही सहज म्हणाले, घरामागची जमीन जरा भुसभुशीत करून घ्यायची आहे. सर म्हणून गेले, "माझा ट्रॅक्टर आणतो की. अगदी सुरक्षित."

"टेम्पोत टाकून पाठवा."

"टेम्पोवाले एक दोरी बांधतात आणि डोळे मिटून निघतात. मी ट्रेलर बनवतो."

मुलगी मान खाली घालून वाटीत काहीतरी शोधू लागली. वडिलांचं 'मी बनवतो' तिला लहानपणापासून माहीत होतं. सरांनी ती खाली गेलेली मान पाहिली आणि तिथेच ठरवलं, या खेपेला पोरीला सासरी मान खाली घालायला लावायची नाही.

घरी परतल्यावर बायको म्हणाली, "ट्रॅक्टरला चाकं आहेत. तोच चालवत न्या ना."

"मुख्य रस्त्यावरून? एवढासा ट्रॅक्टर? भलतंच धोक्याचं!"

ट्रेलर मात्र दिवसेंदिवस निर्धोक होत गेला. प्रत्येक मापात सुरक्षेची माया सोडत सोडत तो ट्रॅक्टरच्या दुप्पट झाला. ट्रॅक्टर नेमका मध्यात बसावा म्हणून त्याच्या पुढच्या चाकांना अडवणारा लोखंडी आडवा बार आला. ट्रेलरचं शेपूट चुकून जमिनीला टेकलंच तर घासू नये म्हणून खाली जुन्या पलंगाची दोन चाकं लागली. या चाकांवर सरांचा विशेष जीव होता. मागच्या फळीवर त्यांनी आपल्या सुबक अक्षरात रंगवलं : 'सुरक्षित अंतर ठेवा'.

वेल्डिंगला कोपऱ्यावरचा ठिणगी यायचा. आठवीत प्रयोगशाळेचा सॉकेट पेटवल्यावर हे नाव त्याला सरांनीच दिलं होतं. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं, केस पिकायला लागले होते, पण सरांपुढे तो अजून हात मागे बांधून उभा राहायचा.

"सर, ॲक्सल हातभर मागे घेऊ या," चाकांचा कणा कुठे हवा ते दाखवत त्याने ट्रेलरच्या बाजूला खडूने रेघ मारली.

"मध्य म्हणजे मध्य."

"पण ट्रॅक्टर मागे जड आहे ना. टेकू जड बाजूकडे सरकवायला लागतो."

"हेच तू सहामाहीच्या पेपरात लिहिलं होतंस."

"हो सर. पाचपैकी शून्य दिलं होतंत."

"पुस्तकातल्या तरफेच्या आकृतीत टेकू मध्यावर होता." सरांनी कठड्यावरचा ओला टॉवेल ओढला आणि रेघ पुसून टाकली. ठिणगीने ती तीनदा मारली, सरांनी तीनदा पुसली. ॲक्सल मध्यावर बसला.

शनिवारी सकाळी व्याही स्वतःची गाडी घेऊन आले, कारण सरांकडे नुसती स्कूटर होती. ठिणगीने गाडीला मागे हूक बसवून दिला. गाडी घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून उभी राहिली. तिला ट्रेलर जोडला गेला. सरांनी खिशातून यादी काढली.

"हँडब्रेक?"

"लावला."

"गिअर?"

"न्यूट्रल. गिअरमध्ये गाडी सोडणं आळशीपणाचं, असं तुम्हीच म्हणालात."

"उत्तम." गाडीच्या मागच्या चाकांपुढे सरांनी स्वतःच्या हाताने दोन दगड लावले. व्याही कौतुकाने मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले आणि काचेतून पाहू लागले.

सरांनी ट्रॅक्टर सुरू केला. फळ्यांवरून तो वर आला, पुढची चाकं बारला टेकली, सरांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर नेमका मध्यात बसला होता. त्याचं वजन मात्र मध्यात बसलं नव्हतं. ट्रेलरचं शेपूट हळूच खाली गेलं, पुढचा दांडा वर उचलला गेला, आणि दांड्याबरोबर गाडीचा मागचा भाग व्याह्यांसकट वीतभर अधांतरी झाला.

हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. दगडही मागच्या चाकांनाच होते. आणि मागची चाकं आता हवेत होती.

"सर," ठिणगी म्हणाला, "पुढची चाकं मोकळी आहेत."

गाडी निघाली. तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर सर. पलंगाची चाकं सुरेख फिरत होती. ती नसती तर शेपूट घासून सगळं दहा पावलांत थांबलं असतं.

"उडी मारा!" बायको ओरडली.

"चालत्या वाहनातून?" सर ओरडले.

किराणावाला दुकानातून धावत बाहेर आला आणि सवयीने म्हणाला, "नमस्कार सर!" सरांनीही सवयीने हात वर केला. काचेपलीकडे व्याही आणि अलीकडे सर, दोघं समोरासमोर प्रवास करत होते. अखेर व्याह्यांनी हात जोडले. सरांनीही जोडले.

रस्ता सरळ होता आणि त्याच्या शेवटी शाळा होती. मैदानात शनिवारची कवायत चालू होती. गाडीने फाटकाच्या खांबाला नाक टेकवलं, रेडिएटरमधून पाणी गळू लागलं आणि सगळी वरात थांबली. कवायतीच्या मास्तरांना काहीतरी करणं भाग वाटलं. त्यांनी शिट्टी फुंकली. "सावधान!" चारशे मुलं ताठ उभी राहिली आणि सरांकडे बघू लागली.

सर उतरले. कान इतके तापले होते की टोपी घालावीशी वाटली, पण टोपी घरी होती.

"लागलं का हो?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"छे छे," व्याही म्हणाले. "मला वाटलं, हे तुमच्या यादीतलंच आहे."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

गाडी चालण्यासारखी राहिली नव्हती. व्याह्यांचा मेकॅनिक त्यांच्या घराशेजारीच. गाडी तिथवर ओढून न्यायची कशी? मग एकेक करून सगळे ट्रॅक्टरकडे बघू लागले. सर सगळ्यांत शेवटी बघायला लागले.

ठिणगीने वाकलेला दांडा सरळ केला, आडवा बार कापून टाकला, आठ-दहा जणांनी गाडी ट्रेलरवर ढकलली आणि ट्रेलर ट्रॅक्टरला जोडला.

"गाडीचं इंजिन पुढे असतं ना सर," पट्टे आवळत तो म्हणाला. "तिला ॲक्सल मध्यावर अगदी बरोबर बसतो."

सरांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. असतं तर निदान रागावता आलं असतं.

मुख्य रस्त्यावरून ट्रॅक्टर माणसाच्या चालीने निघाला. गाडीत व्याही आणि सरांची बायको बसली होती. ट्रेलरवरच्या गाडीत माणसं बसवणं अत्यंत असुरक्षित; पण त्यावर बोलायचं तोंड सरांना उरलं नव्हतं. बायकोही 'ट्रॅक्टरला चाकं आहेत' असं म्हणाली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात तिने गिळलेलं हे पहिलंच वाक्य असावं. मागे वाहनांची लांबच लांब रांग लागली होती, आणि फळीवर लिहिल्याप्रमाणे सगळे सुरक्षित अंतर ठेवून हॉर्न वाजवत होते.

मुलगी सासरच्या फाटकात उभी होती. तिने ट्रॅक्टर पाहिला, ट्रेलर पाहिला, त्याच्यावरची सासऱ्यांची गाडी पाहिली. मान तिने खाली घातली नाही. सरांनी आधीच घातली होती.

"तुझ्या बाबांनी ट्रॅक्टर आणला बरं का," व्याही गाडीतून उतरत मोठ्याने म्हणाले. "शिवाय गाडीही."

चार दिवसांनी जमीन भुसभुशीत झाली आणि ट्रेलर रिकामा घरी परतला. ठिणगी मशीन घेऊन अंगणात आला. ट्रेलरच्या बाजूला खडूची एक रेघ होती, हातभर मागे, अगदी सरळ. शेजारी बरोबरची खूण आणि त्याखाली सुबक अक्षरात '५/५'. सरांची बायको ओला टॉवेल घेऊन आली, रेघ पाहून थबकली आणि टॉवेल पलीकडच्या कठड्यावर पसरून निघून गेली.

ठिणगीने वाकून तो आकडा पाहिला. शेजारी सर हात मागे बांधून उभे होते.

"झालं?" सरांनी विचारलं.

"सर," ठिणगी म्हणाला, "सही राहिली."