गड्ड्यावरील अग्निसर्पाची दुसरी स्वारी

शके अठराशे चौपन्न, पौषमासी, सोलापुरी सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, जत्रा भरली असता चनमल्लप्पा मालक यांच्या सिनेमाच्या तंबूत जे घोर रण माजले, त्याची हकीकत लिहिली आहे. थोर लढायांच्या बखरी पुष्कळ जाहल्या. ही लढाई सतरंजीवर जाहली, सबब तिजकडे कोणी पाहिले नाही.

ते दिवशी प्रातःकाळी राजश्री सिद्धलिंगप्पा, मुक्या चित्रपटाचे वाचासरदार, मिठाच्या ऊन पाण्याने गुळण्या करीत होते. पडद्यावरील मंडळींस वाचा नाही आणि मधून मधून उमटणारी इंग्रजी अक्षरे तंबूत दोघा-चौघांसच लागत, म्हणून कर्णा घेऊन पडद्याजवळ उभे राहावे आणि राजापासून घोड्यापर्यंत सर्वांचे बोलणे मराठीत, कानडीत व दखनीत सांगावे, हा त्यांचा हुद्दा. जत्रेत लागलेल्या ह्या चित्रपटाची कथा मूळ इंग्रजी अखबारात चित्रांच्या पट्ट्यांनी दर आठवड्यास येई. त्यांची कन्या बसव्वा इंग्रजी वाचणारी. तिने ती वडिलांस समजाविली होती: लोखंडी अंगरख्याचा राजपुत्र, आग ओकणारा सर्प, किल्ल्यात कोंडलेली राजकन्या. शेवट ठाऊक, म्हणून तंबूत लोक "पुढं काय झालं?" ऐसे ओरडत, तेव्हा ती जनान्याच्या पडद्याआड मुकाट बसे.

"भाकरी थंड हाय," सरदार म्हणाले.

"गुळण्या लवकर आटपल्या असत्या तर गरम मिळाली असती, अप्पा."

एवढे भाषण होऊन दिवस गेला.

सायंकाळी मालकांचे फर्मान सुटले की, आज रयत उठून गेली तर उद्यापासून कर्ण्याचे जागी ग्रामोफोन कायम होईल. मग खेळ सुरू जाहला, आणि इमामसाब यंत्रवाले यांनी जत्रेतली भजी मनसोक्त सेवन करून सुस्ती आली असल्याकारणे पहिल्या रिळामागून एकदम शेवटचे चढविले. सर्प मेला आणि लग्न लागले आणि पाद्र्याने आशीर्वाद दिला; आणि मग मधले रीळ लागताच तोच सर्प आग ओकीत डोंगरातून निघाला.

खुर्चीवरून वकीलसाहेब उठले आणि निवाडा दिला की, अखबारात ऐसे नाही, सबब खेळ रद्दबातल. सतरंजी हालली. लोक चपला शोधू लागले. मालकांनी ग्रामोफोनाकडे प्रेमाने पाहिले.

तेव्हा सिद्धलिंगप्पांनी कर्णा उचलून जाहीर केले की, मेला तो थोरला. हा धाकटा, बंधूचा सूड घेण्यास आला आहे! सतरंजी खाली बसली. वकीलसाहेब उभेच, त्यांस मागून विनंती जाहली, "ओ सायेब, सर्प दिसंना, बसा की!"

मग लग्न लागलेला राजपुत्र त्याच राजकन्येपुढे, जणू प्रथमच भेटतो आहे ऐसे गुडघे टेकू लागला. जनान्यातून गिरणीवाली गुरम्मा कडाडली, "आरं, मघाशी लगीन लागलं न्हवं? आता कशाला पाया पडतोस?"

"अक्का, रुसलीय ती!" कर्ण्यातून जबाब आला. "लग्नात हिच्या आईला लुगडंच न्हाय केलं!"

"मग पड म्हनावं! आमचा बी पडतो, पर पिऊन!"

तंबू हासून लोळला. एकही मनुष्य उठला नाही. मालकांनी ग्रामोफोनावर चादर घातली.

घरी येऊन सरदार घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धाकटा सर्प कसा वाटला?"

"पेपरात तसं नव्हतं," कन्या म्हणाली आणि दिवा मालवला.

पहाटे हाक मारली, ते उठले नाहीत.

मालक शोकप्रदर्शनास आले, सरदारांसारखा इमानी मनुष्य होणे नाही ऐसे बोलले, आणि जाताना कर्णा घेऊन गेले.

जत्रेच्या अखेरच्या खेळास बसव्वा तंबूत गेली. दुखवट्यात खेळ पाहते म्हणून आळीने नावे ठेविली, ती येथे नोंदली नाहीत. रिळे अखबाराबरहुकूम लागली. राजपुत्र ओठ हालवीत राहिला आणि ग्रामोफोन भलतेच पद गात राहिला. वकीलसाहेबांचे समाधान जाहले. सतरंजी निम्मी उठली. "लई मुकं झालं की गं," गुरम्मा शेजारी पुटपुटली.

सबब दाखल व्हावे जे, गड्ड्यावरील स्वारीत राजश्री सिद्धलिंगप्पा यांची फत्ते जाहली आणि ग्रामोफोन शिकस्त पावला. तारीख धाकट्या सर्पाच्या रात्रीची धरावी.

इतक्यात सर्प डोंगरातून निघाला. एकटाच, भावाबिवावाचून. बसव्वेने जनान्याचा पडदा बाजूस सारिला आणि कर्ण्याच्या रिकाम्या जागेकडे पाहून, साऱ्या तंबूस ऐकू जाईल ऐसे, ती ओरडली,

"अप्पा, पुढं काय झालं? सांगा की!"