सावकाश उठण्याची परवानगी

आमच्या कार्यालयात साहेब केबिनमधून बाहेर आले की सर्वांनी उठून उभं राहायचं, असा कुठलाही लेखी नियम नाही. म्हणूनच तो आजवर कुणाला मोडता आलेला नाही. केबिनचं दार करकरतं, एकवीस खुर्च्या मागे सरकतात, साहेब कुणाकडेही न बघता पलीकडच्या टोकाच्या स्वच्छतागृहात जातात, आणि परत येताना आम्ही पुन्हा उभे. साहेबांना चहा फार लागतो. दिवसाकाठी पंधरा-सोळा उठाबशा ठरलेल्या.

खुर्च्या तशा बावीस आहेत. बाविसावी आमच्या आरेखकाची, माझ्या शेजारची. सत्तावीस वर्षं हा माणूस नकाशे काढतोय. रेघ अशी की पट्टीने लाजावं. पण मधुमेहाने त्याच्या नसा आतून पोखरल्या. शरीर जी कामं आपल्याला न विचारता करतं ना, ठोके, घाम, पचन, रक्तदाब, ती करवून घेणाऱ्या नसा. तुम्ही-आम्ही उभे राहिलो की आतल्या आत रक्त वर ढकललं जातं. याचं पायातच साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि गडी आडवा. डॉक्टरांनी त्याला शिकवलं होतं: आधी बसल्या जागी घोटे हलवा, पोटऱ्या आवळा, काठावर सरका, मिनिटभर थांबा, मग उठा. तो बिचारा तसंच करायचा. तोवर साहेब पुढे गेलेले. म्हणजे हा रोज साहेबांच्या पाठीला मान द्यायचा. ऑफिसात त्याचं नाव ‘सावकाशराव’ पडलं. पडलं कसलं, मीच ठेवलं. उगाच खोटं कशाला बोलू?

मग मेमो आला: ‘उत्थानात हेतुपुरस्सर विलंब.’ महिन्याभरात दुसरा. तिसऱ्या मेमोला नोकरी जाते, हे मात्र आमच्याकडे लेखी आहे. सावकाशराव डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन हेडक्लार्ककडे गेला.

“या नसा तुमच्याच ना?” हेडक्लार्कने विचारलं.

“हो.”

“मग तुमचं ऐकत का नाहीत?”

“त्या कुणाचंच ऐकत नाहीत हो. निरोगी माणसातसुद्धा त्यांचं काम आपोआप चालतं.”

हेडक्लार्कने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आपोआप? वरून आदेश नाही, खाली पोच नाही, आणि काम चालतं? या इमारतीत बसून मला हे सांगताय?”

चिठ्ठी फाइलला लागली आणि सावकाशरावाची रवानगी वैद्यकीय मंडळाकडे झाली. मंडळाने ‘सावकाश उठण्यास हरकत नाही’ असा एक कागद दिला की सुटला. धीर द्यायला मी बरोबर गेलो. त्याची बायकोही आली. वहिनी शाळेत गणित शिकवतात, आणि चुकलेलं गणित त्यांना बघवत नाही.

मंडळात तीन डॉक्टर. एक डोळ्यांचे, एक हाडांचे, तिसरे रजेवर. हाडांच्या डॉक्टरांनी सावकाशरावाला स्टुलावर बसवून रक्तदाब मोजला. “एकशे तीस, ऐंशी. वा! माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“अहो, पण ते बसल्यावर पडतच नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “उभं करून मोजा ना!”

“बाई, फॉर्मवर स्पष्ट छापलंय: बसलेल्या स्थितीत. उभ्याचा रकानाच नाही.”

“मग रकाना आखा की!”

“रकाने वरून येतात.”

सावकाशराव काकुळतीला आला. आपलं म्हणणं पटवून द्यायचं म्हणून, घोटे न हलवता, पोटऱ्या न आवळता, ताडकन उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पांढराफटक पडला आणि धाडकन खाली. त्याला बाकावर आडवा केला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही उत्साह आला आणि त्यांनी पुन्हा पट्टा गुंडाळला. या आजारात आडवं झाल्यावर दाब उलटा चढतो, हे वहिनी सांगत होत्या, पण ऐकतंय कोण?

“एकशे सत्तर! अहो, यांचा तर वाढलेला आहे. मीठ बंद. आणि जरा उभं राहायची सवय लावा, बैठ्या कामाने होतं असं.”

कागद मिळाला: ‘कर्मचारी बसला असता सुदृढ. आडवा असता अधिकच. उभे राहण्याचे काम द्यावे.’

साहेब तसे दयाळू. त्यांनी तिसरा मेमो काढला नाही, वैद्यकीय सल्ला अमलात आणला. सावकाशरावाची नेमणूक केबिनच्या दारापाशी झाली. साहेब निघाले की त्याने ‘साहेब!’ असं पुकारायचं, म्हणजे बाकीच्यांना उठायला सोपं. खुर्ची काढून घेतली. भर उन्हाळ्यात वीज गेलेली, आम्ही घामाने निथळतोय, आणि याच्या कपाळावर थेंब नाही. घामाच्या नसाही गेलेल्या. अंग तापून लालबुंद झालं होतं. साहेब जाता जाता हेडक्लार्कला म्हणाले, “बघा, घामसुद्धा नाही. मेहनत म्हणून नाही अंगाला.”

तिसऱ्या दिवशी तो पुकारण्याआधीच पडला. कपाटाचा कोपरा कपाळात घुसला, रक्त आलं. मी त्याच्याकडे धावणार, एवढ्यात दार करकरलं. साहेब बाहेर आले, त्याला वळसा घालून पुढे गेले. आम्ही एकवीस जण उभे होतो. साहेब परत येऊन दार लागेपर्यंत आमच्यातला एकही वाकला नाही. मला लाज वाटते, आजही वाटते.

वहिनी त्याला घ्यायला आल्या. कपाळाला चार टाके घालून त्याला खाली रिक्षात बसवलं होतं. त्या वर आल्या, त्याच्या पट्ट्या, पेन्सिली, चष्म्याचं घर पिशवीत भरलं, आणि कोपऱ्यात टाकलेली त्याची खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या. दार करकरलं. एकवीस खुर्च्या मागे सरकल्या.

साहेब आयुष्यात पहिल्यांदा थबकले. “या कोण?”

“मघाशी जो पडला ना, त्याची बायको.”

“तुम्हालाही तोच आजार आहे का?”

“छे हो. माझ्या नसा ठणठणीत आहेत. मी मुद्दाम बसलेय.”

साहेब आल्या पावली केबिनमध्ये परत गेले; त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत. वहिनी पिशवी उचलून निघाल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, आता बसलात तरी चालेल.”

तेव्हा मला कळलं, मी अजून उभाच होतो.

आम्हा एकवीस जणांची गेल्या आठवड्यात वार्षिक तपासणी झाली. सगळ्यांच्या नसा उत्तम. आणि असणारच हो! दार नुसतं करकरलं की आमचे पाय कुणी न सांगता, डोक्याला न विचारता, आपोआप उभे राहतात. तुमचं ऑफिस वेगळं असेल, दार वेगळं असेल. पण तुमचेही राहतात ना? मग काळजी नको. आपल्याला काहीही झालेलं नाही.