शॉकपची तक्रार आणि केळ्यांच्या दोन फण्या

नाजूक गोष्ट नाजूकपणे कशी सांगावी, हे आमच्या मेलिकान गावात कोणी शिकावं तर माझ्याकडून! फुशारकी मारत नाही. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या बकरीनं माझी मिरचीची रोपं खाल्ली, तेव्हा मी त्याच्याकडे जाऊन बकरीच्या तब्येतीचं इतकं कौतुक केलं, इतकं कौतुक केलं, की दुसऱ्या दिवशी तो आपणहून कुंपण घालायला आला. भांडण नाही, तंटा नाही. आम्ही मध्य जावातली माणसं कोणाच्या तोंडावर काही बोलत नाही. आमच्याकडे कुंभाराचं चाकसुद्धा तिरकं बसवलेलं असतं, मग बोलणं सरळ कुठून असणार? तर अशा मला, प्रायोगो कुंभाराला, एका शॉकपनं तोंडघशी पाडलं.

माझी पिकअप जुनी आहे. मागचे दोन्ही शॉकप, म्हणजे खड्ड्यांचे दणके झेलणारे दट्टे, गेले, तेव्हा पाक ग्यातनो यांच्याकडून नवे बसवून घेतले. पाक ग्यातनो म्हणजे गावातले एकुलते एक मेकॅनिक, आमच्या गल्लीचे प्रमुख, आणि माझे वडील गेले तेव्हा सगळ्यात आधी धावून आलेला माणूस. गाडीखालून बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आता पाच वर्षं बघायला नको."

चौदाव्या दिवशी बघावं लागलं. सोलो शहरातल्या बाटिक कापडाच्या मोठ्या व्यापारी, इबू हस्तुती, यांच्या मुलीचं लग्न होतं. प्रत्येक पाहुण्याला आमची मातीची सुरई भेट द्यायची होती. छोटीशी, बाजूला तोटी असलेली. पहिल्या खेपेला साठ सुरया घेऊन निघालो. वाटेत मागून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. प्रत्येक खड्ड्याला गाडीचा मागचा भाग वर जायचा आणि तिथेच जरा विचार करून खाली यायचा. सोलोला पोचून पाहिलं, तर एका शॉकपमधून तेल गळत होतं आणि तेवीस सुरयांच्या तोट्या उडाल्या होत्या.

इबू हस्तुतीही आमच्याच वळणाच्या, त्यामुळे त्या रागावल्या नाहीत. बिनतोटीची एक सुरई त्यांनी हातात फिरवली आणि म्हणाल्या, "किती सुटसुटीत झाली आहे." मग उरलेल्या शंभर सुरया पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आल्या तर बरं, असं सांगून त्यांनी मला सहज म्हणून एक प्लास्टिकचा ग्लास दाखवला. छान होता, त्यावर सोनेरी नक्षी होती. त्यांच्या घरच्या लग्नात प्लास्टिक आलं की पुढच्या महिन्यात सगळ्या सोलोच्या लग्नांत येणार, आणि आमची भट्टी कायमची थंड होणार. बाजार आमच्याकडे दर पाच दिवसांनी भरतो, आणि तो त्याच दिवशी भरला होता. म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते.

बायको म्हणाली, "बागसचे बाबा, सरळ जा आणि सांगा, की तुमचा शॉकप गळतोय, बदलून द्या." बागस आमचा मुलगा, आणि सुहार्ती, म्हणजे माझी बायको, तेगालची. तिकडे समुद्रकाठी माणसं बोलतात ते नारळ पडल्यासारखं. तिला मी समजावलं, की ज्या माणसानं माझ्या वडिलांना खांदा दिला, त्याला तुझं काम फसलं असं सांगणं शोभत नाही. हे काम माझ्यावर सोड.

मी पद्धतशीर बेत आखला. तक्रार आपण स्वतः करू नये, वडीलधाऱ्याकडून करवावी, म्हणून माझ्या थोरल्या काकांना, पाकदे कार्तोंना, बरोबर घेतलं. ते कुठल्याशा जेवणावळीतून परस्पर आले होते, त्यामुळे अंगात ठेवणीतला बाटिकचा शर्ट होता. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून केळी घ्यायला गेलो, तर फक्त राजा केळी उरली होती, दोनच फण्या. एक घेतली तर कंजूष दिसेन, म्हणून दोन्ही घेतल्या. आणि गाडी मागून उडू नये म्हणून चोवीस वर्षांच्या बागसला मागे वजन म्हणून बसवलं. वजन म्हणून बसणाऱ्या माणसानं इस्त्रीचा शर्ट का घातलाय, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

आता सांगायला हरकत नाही. आमच्याकडे घरातला वडीलधारा माणूस, ठेवणीतला बाटिक आणि राजा केळ्यांच्या दोन फण्यांची जोडी घेऊन एखाद्याच्या दारी जातात ते एकाच कामासाठी: त्याच्या मुलीला मागणी घालायला. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात शॉकपशिवाय काही नव्हतं.

पाक ग्यातनोंनी आम्हाला दारात पाहिलं. केळी पाहिली, बाटिक पाहिला, गाडीतून उतरणारा बागस पाहिला. मग आत गेले आणि धुतलेला शर्ट, काळी टोपी घालून बाहेर आले. मला बरं वाटलं. गिऱ्हाइकाला इतका मान देणारा मेकॅनिक आजकाल मिळतो कुठे! चहा त्यांची मुलगी नास्तिती घेऊन आली. एरवी ही पोरगी गॅरेजच्या काउंटरवरून गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडते. आज मान खाली घालून, कप न वाजवता चहा ठेवून गेली. मला वाटलं, तब्येत बरी नसावी.

पाऊस, भात, कोणाचा तरी गुडघा, असं वीस मिनिटं रीतसर बोलून झालं. मग पाकदे घसा साफ करून म्हणाले, "आम्ही आलोय खरे, पण कसं बोलावं ते कळत नाही."

"बोलायला कशाला हवं, पाकदे?" पाक ग्यातनो म्हणाले. "मी काय आंधळा आहे? गेले कित्येक दिवस बघतोय मी."

मी भारावलो. माणसानं रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीखालचा तेलाचा थेंब टिपला होता! याला म्हणतात कारागीर. मी नम्रपणे म्हणालो, की आमच्या मनात काहीही किंतु नाही, फक्त गोष्ट वेळेत व्हावी एवढीच इच्छा आहे. पाक ग्यातनोंचे डोळे ओले झाले. घरच्यांशी बोलून बाजाराच्या दिवशी सकाळी येतो, म्हणाले. शॉकप बदलायला घरच्यांशी काय बोलायचं, असं क्षणभर मनात आलं. पण त्यांच्या मेव्हण्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे ते कोडंही सुटलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगितलंत?"

"न सांगता सांगितलं."

"शॉकप हा शब्द कोणी उच्चारला?"

"गरजच पडली नाही," मी म्हणालो. भट्टीतून तडा गेलेलं मडकं निघालं की ती जशी बघते, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं.

बाजाराच्या दिवशी पहाटेपासून शंभर सुरया पेंढ्यात गुंडाळून आम्ही पिकअपमध्ये रचल्या. नऊ वाजले तरी पाक ग्यातनोंचा पत्ता नाही. साडेनऊला दारात एक मिनिबस उभी राहिली. तिच्यातून पाक ग्यातनो उतरले. मग त्यांची बायको. मग मावश्या, आत्या, मेव्हणा, नास्तिती, कोणी तरी आजोबा. चौदा माणसं! सगळी नटलेली, आणि हातात झाकलेली तबकं. मी त्यांच्यात जॅक आणि पान्हे शोधत होतो.

"दोन शॉकप बसवायला चौदा माणसं?" मी बायकोच्या कानात कुजबुजलो.

तिनं पुढे होऊन एका तबकावरचं फडकं उचललं. आत चिकट भाताच्या गुळाच्या वड्या होत्या. नातं वड्यांसारखं चिकटून राहावं म्हणून होकार देताना नेतात, त्या. तेगालची बाई आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "बागसचे बाबा, तुम्ही मुलाचं लग्न ठरवून आलात."

तेवढ्यात आजोबांनी चटईवर बसून भाषण सुरू केलं. आपण मोठ्या मनानं मागणी घातलीत, आमच्या मुलीची हरकत नाही, आता तुमचा शब्द ऐकायला आलो आहोत. चौदा चेहरे माझ्याकडे वळले. माफ करा, आम्ही शॉकपसाठी आलो होतो, एवढंच वाक्य बोलायचं होतं. तुम्ही बोलून बघा! समोर मुलगी बसली आहे, तिची आई डोळे टिपते आहे. मी भट्टीकडे बघून येतो असं पुटपुटलो आणि बागसला ओढत मागे नेलं.

त्याला सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "तुझ्या मनात नसेल तर मी पाया पडेन त्यांच्या, पण सांगेन. तुला काय वाटतं?"

"बाबा, गेल्या तीन महिन्यांत मी आरशाचा स्क्रू घट्ट करून घ्यायला अकरा वेळा तिथे गेलोय."

"आपल्या गाडीला आरसाच नाही."

"तेच तर," बागस म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही दोन फण्या घेऊन निघालात, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं."

"अरे, मी तुला वजन म्हणून बस म्हणालो होतो!"

"मला वाटलं, तुम्ही लाजताय."

तीन महिने पोरगा माझ्या शेजारी बसून माती मळत होता, आणि मला पत्ता नव्हता. डोळे पुसून मी बाहेर आलो आणि आनंदानं शब्द दिला. सगळ्यांनी वड्या खाल्ल्या. वडी दाताला चिकटलेली असतानाच माझी नजर घड्याळावर गेली. साडेदहा! प्लास्टिकचा सोनेरी ग्लास डोळ्यांसमोर नाचायला लागला.

सुहार्ती उठून उभी राहिली. "व्याहीबुवा, मी सरळच सांगते. या सुरया बाराच्या आत सोलोला गेल्या नाहीत तर आमचा धंदा बसेल. आणि आमची गाडी दणके देते."

मी डोळे मिटून घेतले. पाक ग्यातनोंचा चेहरा उतरला. "दणके?" ते हळूच म्हणाले. "शॉकप तर नवे आहेत."

"शॉकप उत्तम आहेत," मी घाईघाईनं म्हणालो. "रस्ता फार वाईट आहे."

"रस्ता भयंकरच झालाय," ते लगेच म्हणाले. मग चौदाच्या चौदा माणसांनी रस्त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

वाट काढली ती नास्तितीनं. मिनिबस दारात उभी आहे, म्हणाली, प्रत्येकानं सहा-सहा, सात-सात सुरया मांडीवर घ्या. तिचा तो काउंटरवरचा आवाज परत आला होता. पाच मिनिटांत ठेवणीतले कपडे घातलेले सगळे पाहुणे मांडीत सुरया धरून बसले. खड्डा आला की सगळ्या आत्या एकदम हात वर करायच्या. बाराला दहा कमी असताना इबू हस्तुतींच्या फाटकातून नटलेल्या माणसांची ओळच्या ओळ सुरया घेऊन आत शिरली. एकही तोटी उडाली नव्हती. त्यांनी एका सुरईच्या तोटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वाईट नाही." सोलोत याहून मोठी शाबासकी नसते. तो ग्लास पुन्हा कधी दिसला नाही.

साखरपुड्याची भेट म्हणून व्याह्यांनी माझ्या गाडीला शॉकपची नवी जोडी बसवून दिली. फुकट, प्रेमानं, आणि त्याच मेव्हण्याच्या दुकानातली. नवव्या दिवशी कण्हणं पुन्हा सुरू झालं.

"आता जा आणि सांगा," सुहार्ती म्हणाली. पण आधी ते नुसते मेकॅनिक होते, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आता व्याही झाले! मी गुपचूप जवळच्या क्लातेन शहरात गेलो, टोपी नाकापर्यंत ओढून एका मोठ्या गॅरेजमध्ये दुसरी जोडी बसवून घेतली, आणि नवी दिसू नये म्हणून वर आपल्या हातानं चिखल फासला.

याला दोन वर्षं झाली. नातीच्या बारशाला व्याही सगळ्या पाहुण्यांना घेऊन माझ्या पिकअपपाशी गेले, खाली वाकले, शॉकपवर टिचकी मारली आणि म्हणाले, "दोन वर्षं! एक थेंब गळला नाही. माझं काम हे असं असतं." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"त्यांच्या हाताला गुण आहे," मी म्हणालो. त्याच आठवड्यात माझ्या शब्दावर चौघांनी त्यांच्याकडून शॉकप बसवून घेतले.

अजून तरी त्यांच्यापैकी कोणी तक्रार केलेली नाही. परवा ब्रेक दाखवायला मी क्लातेनच्या गॅरेजमध्ये गेलो, तर ते चौघेही तिथे रांगेत बसले होते, टोप्या नाकापर्यंत ओढून. मी त्यांच्या शेजारी बसलो. पाऊस यंदा लांबलाय, एवढंच आम्ही बोललो.