रोट सरेपर्यंत मुक्काम

काटकसरीने घर कसं चालवावं, हे जळगावात कुणाला शिकायचं असेल तर त्याने थेट माझ्या चुलीपाशी येऊन बसावं! बढाई मारत नाही, खरं तेच सांगते. आमच्याकडे गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणलं की गराची भाजी होते, सालीची चटणी होते आणि बिया वाळवून मुलांना खाऊ म्हणून मिळतात. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी मी अशी थापते, की एक खाल्लेला माणूस दिवेलागणीपर्यंत जेवणाचं नाव काढत नाही. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. एवढी तोंडं आणि तो पगार! पण माझ्या घरातून कुणी अर्धपोटी उठलेलं नाही. शेजारच्या लाडकुंवरबाई चांगल्या दुकानदाराच्या घरच्या, पण त्यासुद्धा म्हणायच्या की इंदिराबाई, तुमच्या हातात रिकामा डबाही भरलेला वाटतो.

म्हणून त्या वर्षी कानबाई आमच्या घरी बसणार असं ठरलं, तेव्हा मी घाबरले नाही. उलट मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशातल्या लोकांची श्रावणातली देवी. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीला जाते. तिच्यासाठी सगळे भाऊबंद एका घरी जमतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे, अगदी पाळण्यातल्या बाळामागेसुद्धा, सव्वा मूठ गहू मोजायचे, ते एकत्र दळायचे आणि त्या पिठाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे. हे रोट कुळाबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

आता माझ्या डोक्यात काय आलं बघा. गहू आणणार भाऊबंद. सोमवारी देवी गेली की भाऊबंदही जाणार. उरलेले रोट राहणार कुठे? माझ्या घरात! म्हणजे पौर्णिमेपर्यंत ते खायचे आम्हीच. धान्याचं रेशन नुकतंच उठलं होतं, गहू अजून सणासुदीलाच दिसायचा, आणि माझ्या घरात आठवडाभर गव्हाचं जेवण, तेही देवीच्या आज्ञेने!

सासूबाईंना, म्हणजे धुरपदाबाईंना, मात्र वेगळीच काळजी होती. त्यांचे मुलगे दोन. थोरले निंबाभाऊ, माझे जेठ, पाचोऱ्याकडे शेती करतात. धाकटे आमचे हे. तीन वर्षांपूर्वी पाचोऱ्याला मांडे करताना खापर फुटलं. मांडे भाजायचं ते मातीचं उपडं भांडं हो! माझ्या जाऊबाईंनी, सुनंदाबाईंनी, ते कोरडंच तापवलं म्हणून फुटलं, असं मी म्हणाले. मी उलथनं आपटलं म्हणून फुटलं, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बायका बोलत नाहीत म्हटल्यावर भाऊही जेवढ्यास तेवढं बोलायला लागले. आणि यंदा निंबाभाऊंनी निरोप धाडला होता, की या सालचा रोट एकत्र करू, पुढच्या सालापासून आमचा रोट वेगळा.

रोट वेगळा झाला म्हणजे कूळ दुभंगलं. शेताची वाटणी झाली, घरं वेगळी झाली तरी चालतं, पण रोट वेगळा झाला की मग लग्नकार्यातही माणसं पाहुण्यासारखी येतात. सासूबाई त्या निरोपानंतर नीट जेवत नव्हत्या. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष गव्हाकडे होतं.

शनिवारी मंडळी आली. निंबाभाऊ, सुनंदाबाई, त्यांची मुलं, आणि एरंडोलहून ह्यांचा चुलतभाऊ चुडामण. हा चुडामण आखाड्यातला गडी. त्याची मूठ म्हणजे एखादा नारळ! मी सासूबाईंच्या कानात सांगितलं की यंदा गहू चुडामणभावजींच्या हातून मोजू या, निरोगी माणसाचा हात देवीला आवडतो. त्यांनी ते सर्वांना सांगितलं आणि चुडामणने कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने आपली ती मूठ भरभरून गहू ओतले. परातीत डोंगर उभा राहिला. माझ्या अंगावर रोमांच आले!

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे धाकटी सून जेठाशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावरून पदर ओढायचा आणि जे सांगायचं ते सासूच्या तोंडून सांगायचं. त्यात जाऊबाईंशी माझा अबोला. तेव्हा त्या घरातून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक शब्द सासूबाईंच्या हातून जायचा. पोस्ट ऑफिसच म्हणा ना! पुरुषांचं म्हणाल तर दोन भाऊ पाऊसपाणी आणि कापसाचा भाव याच्या पलीकडे एकमेकांशी बोलत नव्हते.

रविवारी जेवणावळ बसली. माझा डाव साधा होता. नैवेद्याला गंगाफळाची भाजी असतेच. ती मी घट्ट, गूळ घालून, भरपूर केली आणि आधी वाढली. मग तांदळाची खीर वाढली. मग पुन्हा भाजी. निंबाभाऊंनी रोटाला हात लावायच्या आत त्यांच्या ताटात भाजीचा तिसरा डाव पडला होता. चुडामणसारखा चुडामण, तोही दुसऱ्या रोटाला हात आडवा धरून बसला. पंगत उठली तेव्हा रोटांची दुरडी जवळजवळ जशीच्या तशी होती. मी तिच्यावर स्वच्छ धडपा घातला आणि मनातल्या मनात आठवडाभराचा बेत ठरवून टाकला.

सोमवारी देवी गेली. मंडळींनी बोचकी बांधली. टांगा दारात आला. आणि सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या.

"रोट सरत नही तवलोंग कोनी जावानं नही," त्या म्हणाल्या.

रोट संपेपर्यंत कुणी घर सोडायचं नाही, हा म्हणे आपल्या कुळाचा जुना दंडक! मी लग्न होऊन आल्यापासून हा दंडक ऐकला नव्हता. निंबाभाऊंच्या तोंडाकडे बघून वाटलं की त्यांनीही ऐकला नव्हता. पण घरातलं सगळ्यात थोरलं माणूस उंबऱ्यात बसून सांगतंय म्हटल्यावर वाद कोण घालणार? टांगेवाला परत गेला. बोचकी सुटली. दुरडीभर रोट माझ्याकडे बघून हसत होते.

मी स्वतःला धीर दिला. एवढी माणसं आहेत, दोन जेवणांत रोट संपतील. फुकटचा गहू गेला तर गेला! मंगळवारी सकाळी मी ताटात रोट घेणार, तेवढ्यात सासूबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या की निंबाला फुनके खायची फार इच्छा झाली आहे, पण तो बिचारा संकोचतो. फुनके म्हणजे तुरीची डाळ भिजवून, वाटून, वाफवून केलेले मुटके. त्यावर तेल आणि सोबत कढी. आता जेठांनी तोंडाने मागितलं आणि मी केलं नाही, तर सुनंदाबाई पाचोराभर काय सांगतील? मी डाळ भिजवली.

बुधवारी चुडामणला पातोड्या हव्या होत्या. बेसन गेलं. गुरुवारी सुनंदाबाईंनी म्हणे सहज विचारलं, की जळगावकरांना वरण-बट्टी येते की नाही. येते की नाही! मी बट्टीवर तुपाची अशी धार धरली की सुनंदाबाईंचे डोळे पांढरे झाले. तूप माझंच होतं, डोळे माझेही झाले. शुक्रवारी निंबाभाऊंना परत फुनक्यांची आठवण आली. रोट मात्र प्रत्येकाच्या ताटात एक चतकोर, प्रसाद म्हणून. दुरडी हलेना! रोट वाळून असे झाले होते की मुलांनी त्यावर पेन्सिलीने बाराखडी लिहिली असती.

डाळीचा डबा वाजायला लागला. सरपण संपत आलं. मी सासूबाईंकडून निरोप पाठवला की आता सगळ्यांनी रोट खाल्ले तर बरं होईल. सासूबाई जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "निंबा म्हणस, रोटथीन पोट दुखस." रोटाने पोट दुखतं! माझ्या मनात आलं, हाच तो माणूस, पुढच्या वर्षी वेगळा रोट करणार म्हणे! राग तर असा आला होता, पण जाऊबाईंपुढे कमी पडायचं नाही म्हणून मी शनिवारी पातोड्यांत खोबरंही घातलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी मुलांना घेऊन मेहरूणच्या तळ्यावर गेली. कळण्याचं पीठ संपलं होतं. सासूबाईंनी जातं मांडलं आणि आम्हा दोघी जावांना समोरासमोर बसवलं. त्या स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून माळ ओढायला लागल्या. तीन वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या आम्ही, आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात! मी खाली बघत होते, त्या खाली बघत होत्या. जातं फिरत होतं. एकाएकी सुनंदाबाईंनी हात काढला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"इंदू, तुना पाय पडस," त्या म्हणाल्या, "आते फुनका करू नको."

मी म्हटलं, निंबाभाऊच तर रोज मागतात! त्यावर त्या म्हणाल्या की हे कुठले मागतात, यांना आठ दिवस झाले पोट साफ नाही. शेतात निंदणी राहिली आहे, रोज रात्री म्हणतात की दोन दोन रोट खाऊन मोकळे होऊ. पण तुझा निरोप येतो ना, की माझ्या हातचं न खाता रोट मागितले तर मी तो अपमान समजेन!

माझा निरोप?

मग आम्ही एकेक गोष्ट काढत गेलो. पातोड्या चुडामणने मागितल्या नव्हत्या. वरण-बट्टीबद्दल सुनंदाबाईंनी चकार शब्द काढला नव्हता, उलट मीच म्हणे विचारलं होतं की पाचोऱ्याच्या माणसांना एवढं तूप पचतं का, म्हणून त्यांनी हट्टाने तीन बट्ट्या खाल्ल्या होत्या आणि मग रात्रभर ओवा चघळत बसल्या होत्या. कुळाचा दंडकही कुणाला ठाऊक नव्हता. बोलता बोलता आम्ही दोघी थांबलो आणि एकदम भिंतीकडे बघितलं.

सासूबाईंची माळ जोरात फिरायला लागली होती.

"बाई," मी म्हटलं, "हे सगळं तुम्ही केलंत?"

त्यांनी डोळे उघडले. वाटलं होतं रागावतील, किंवा नाही म्हणतील. पण त्यांनी माळ मांडीवर ठेवली आणि लहान पोरीसारख्या आमच्याकडे बघत राहिल्या.

"रोट सरी गयात म्हंजे तुम्ही बठ्ठा निंघी जाशात," त्या म्हणाल्या. "मना दोन्ही पोरे रोज एक जागे जेवतस, हाई मी तीन सालमा देखं नही."

माझा सगळा राग जात्यातल्या पिठासारखा खाली बसला. मला माझीच लाज वाटली. मी रोट राखत होते पोटासाठी, आणि ही बाई राखत होती लेकरांसाठी! सुनंदाबाईंनी पदराने डोळे पुसले. मीही पुसले. मग आम्ही दोघींनी न ठरवताच परत खुंट्याला हात घातला, आणि या वेळी दळता दळता इतक्या बोललो की सासूबाईंना एक शब्द मधे घालायला मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. रोट संपवणं भागच होतं. सुनंदाबाईंनी ते सगळे कुटले, मी लाडकुंवरबाईंकडून मोठी परात आणली, आणि गरम दूध, गूळ घालून आम्ही दोघींनी मिळून त्याचा काला केला. सगळं कूळ त्या एका परातीभोवती बसलं. सासूबाई मधे, एका बाजूला निंबाभाऊ, दुसऱ्या बाजूला आमचे हे. दोन्ही भावांचे हात एकाच परातीत. चुडामणने बाहू सरसावले आणि बघता बघता परातीचा तळ दिसायला लागला. शेवटचा घास निंबाभाऊंनी उचलला, तो आईच्या तोंडात घातला आणि म्हणाले की वेगळ्या रोटाचं मी बोललो ते विसरून जा, आपला रोट एकच.

सासूबाई रडल्या. आम्ही सगळेच रडलो. मला तर आनंदाने राहवेना! कूळ एक राहिलं, जाऊबाई बोलायला लागल्या आणि रोट सरले! आता टांगा येणार, मंडळी जाणार. घरात डाळीचा एक दाणा उरला नव्हता, पण म्हटलं, आता आमच्या आम्हाला भाकरी आणि चटणी पुरे.

आणि एवढ्यात आमच्या ह्यांना भरून आलं.

"भाऊ," हे म्हणाले, "रोट सरले म्हणून काय झालं? राहा ना अजून थोडे दिवस."

निंबाभाऊंनी निंदणीची अडचण सांगितली. मग जरा घुटमळून म्हणाले की इंदूचं काय म्हणणं आहे ते विचारा, या घरची चूल तिची आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर पुढे ओढला, सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, की म्हणावं, शेत खोळंबवू नका, दिवाळीला सवडीने या.

सासूबाईंनी मान डोलावली. सर्वांकडे एकदा बघून घेतलं.

"इंदी म्हणस," त्या म्हणाल्या, "आते पोळा करीसनच जा."

सुनंदाबाईंनी तोंडात पदर कोंबला. निंबाभाऊंचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू! ते म्हणाले की एवढा आग्रह मोडायचा नाही, मग चुडामणला पाचोऱ्याला पाठवतो, निंदणीचंही तोच बघेल आणि येताना बैल इथेच घेऊन येईल.

पोळ्याला बैलांनाही पुरणपोळी लागते, हे तुम्हाला सांगायला नकोच.