तिमाही निकालांखालची टीप

अनया, इशान,

गेल्या रविवारी फोनवर इशानने विचारलं, "आजी, विनूआजोबांना हिशेबात घोळ केला म्हणून कंपनीतून काढलं का गं?" ही बातमी इतक्या लांब तुमच्यापर्यंत कुणी पोचवली ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही. पण ती तशीच तुमच्या डोक्यात राहू नये, म्हणून आज डबे पुसायचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

विनूआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. पिंपळे गुरवला एकटे राहतात आणि संध्याकाळी जेवायला माझ्याकडे, पिंपळे सौदागरला येतात. "कसे आहात भावजी?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "मागच्या तिमाहीप्रमाणेच. धोरणात बदल नाही."

एकदा शिऱ्यात मी काजूऐवजी बदाम घातले. पहिल्याच घासाला त्यांनी चमचा खाली ठेवला.

"वहिनी, पद्धत बदललीत."

"आवडला नाही?"

"उत्तम आहे. पण मागच्या शिऱ्याशी याची तुलना कशी करायची? बदला, पण सांगा."

"बदला, पण सांगा" हे त्यांनी मला, दूधवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनला, सगळ्यांना ऐकवलं आहे. पुतण्या चेतनसाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा आम्ही मुलाचा पगार सांगितला. भावजी खाकरले. "टीप. यात एक बढती धरलेली आहे. ती अजून मिळालेली नाही." चेतनची आई घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. लग्न मात्र ठरलं. मुलीचे वडील म्हणाले, या घरात निदान एक माणूस तरी आधी सांगतो.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, मोठे शेठ आणि धाकटे शेठ अशा दोघा मालकांच्या एका कंपनीत ते अकाउंट्समध्ये होते. तिचे शेअर बाजारात आहेत, त्यामुळे दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करावे लागतात. आकडे वर, आणि खाली बारीक अक्षरात टिपा. त्या टिपा भावजींच्या. हिशेब कोणत्या नियमांनी मांडला, पडून राहिलेल्या मालाची किंमत कशी धरली, यंत्रांची झीज कशी धरली, ते सगळं त्यात. "आकडा म्हणजे उंची, वहिनी. टीप म्हणजे मोजपट्टी," असं ते म्हणत. पहिलं वाक्य दरवेळी एकच: मागच्या वार्षिक हिशेबात पाळलेली धोरणंच इथे पाळली आहेत. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी त्या छापील इंग्रजी वाक्यातल्या एका स्वल्पविरामावरून आमचं दोनदा भांडण झालं.

निकालाचा आठवडा आला की ते दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहत. गॅस बंद आहे का पाहायला अर्ध्या वाटेतून परत जात. पण या वेळी त्यांनी तीन दिवस भाताला हातच लावला नाही.

"काय झालंय?"

"जाहीर झाल्याशिवाय एक अक्षर सांगणार नाही. फक्त ते वाक्य आता खरं राहिलेलं नाही, आणि ते तसंच छापा म्हणतात."

मग मात्र माझीही झोप उडाली. वय चौसष्ट, निवृत्तीनंतर एकेका वर्षाची मुदतवाढ, आणि पुढचा कागद त्याच महिन्यात सहीला जाणार होता. मी म्हटलं, "भावजी, एक वाक्य तर आहे. कोण वाचतंय?"

"धाकटे शेठही हेच म्हणाले," ते म्हणाले, आणि पान सारून उठले.

निकाल जाहीर झाल्यावर सगळं कळलं. वर्षभर पडून राहिलेल्या मालाची किंमत कमी धरायची, असा जुना नियम होता. धाकट्या शेठनी त्याची दोन वर्षं केली, नफा फुगला. भावजींनी वाक्य बदलल्याशिवाय कागद पुढे पाठवायला नकार दिला आणि थेट मोठ्या शेठकडे गेले. मोठ्यांनी बदलाची टीप छापायला लावली. धाकट्यांनी मुदतवाढीचा कागद सही न करताच परत पाठवला.

त्या रविवारी ते म्हणाले, "कुरुळीला जाऊन येतो." चेहरा पांढराफटक होता. मी हट्टाने बरोबर गेले.

चाकणजवळच्या कुरुळीत एका पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. बहुतेक कंपनीतले निवृत्त कामगार. कंपनी बाजारात आली तेव्हा त्यांना थोडे थोडे शेअर मिळाले होते. भावजींनी निकाल उघडला आणि टिपा मराठीत सांगू लागले.

"ह्या टायमाला बदल हाय का, सायेब?" कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मथुराबाईंनी विचारलं.

"आहे."

"म्हंजी फायदा खोटा?"

"खोटा नाही. पण गेल्या वेळच्या पट्टीने मोजलेला नाही. जुन्या पट्टीने किती भरला असता, तेही इथे लिहिलंय."

"मंग नातीच्या फीसाठी शेअर इकू का नको?"

"ते मी सांगणार नाही. बदल झालाय, एवढंच सांगतो."

"तेवढंच पायजे व्हतं," मथुराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी सायेबांच्या घरच्या व्हय? आमाला वाटलं, ह्यास्नी कुनीच न्हाई. पाडव्याला दुपारच्याला हितंच अस्त्यात."

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी भावजी माल मोजायला कंपनीत जातात, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. आमच्या घरी त्या दिवशी जोडीजोडीने ओवाळणं चालतं. जगाला सगळं सांगा म्हणणाऱ्या माणसाने एवढी एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती.

बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. तिकिटाची घडी करत म्हणाले, "नोकरी नसली म्हणजे त्यांना मी कशाला लागेन, वहिनी?"



पुढच्या तिमाहीचे निकाल लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांचा फोन वाजला. मथुराबाई होत्या: "सायेब, कवा येताय?"

घोळ नव्हता, इशान. नोकरी गेली आहे, पगार गेला आहे, रुबाब तसा कधी नव्हताच. कुरुळीची बैठक चालू आहे.